झुंबरबाईची बारा तासांची गोळी

झुंबरबाईला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका लग्नात, मांडे करताना. गोळा हातावर घेऊन ती दोन्ही हातांनी असा काही फिरवायची की बघता बघता तो मनगटावरून कोपरापर्यंत पसरायचा, आतलं पुरण उजेडात पिवळं दिसायचं, आणि मग एका झटक्यात ते सगळं उपड्या खापरावर जाऊन पडायचं. सुरकुती नाही, भोक नाही. आणि हे चालू असताना तोंडही चालू. त्या दिवशी नवरदेव पाया पडायला आला, तर तिने त्याला वरून खाली न्याहाळलं आणि मुलीच्या आईला म्हणाली, "नवरदेव चांगला शे. फक्त तोंड उघाडाले नको लावज्यात."

मुलीच्या आईने ते हसण्यावारी नेलं. पुढे सहा महिन्यांनी तीच बाई म्हणाली की झुंबरबाईने वेळेवर सांगितलं होतं, आम्हीच ऐकलं नाही.

मी चुडामण. सोनगीरच्या बस स्टँडसमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. धुळ्याला शिकून आलो तेव्हा गावाला वाटलं होतं की पोरगा डॉक्टर होऊन आला. मी फक्त औषधं विकू शकतो हे कळल्यावर लोकांनी जी तोंडं केली, ती मला अजून आठवतात. झुंबरबाई तेवढी म्हणाली, "बरं व्हयनं. डाक्टर मरेलवर भी फी लेस, तू निदान जिवतालेच लुटशी." तेव्हापासून ती मला आवडायची, हे कबूल करतो.

तिचा नवरा उखर्डूनाना. माणूस इतका गरीब स्वभावाचा की त्याच्या तोंडून पूर्ण वाक्य ऐकलेला माणूस गावात सापडणार नाही. कुठं मांड्यांचं बोलावणं आलं की झुंबरबाई एस.टी.ने जायची आणि उखर्डूनाना सायकलवर. कारण सायकलच्या कॅरिअरवर गोधडीत गुंडाळलेलं खापर असायचं. दुसऱ्याच्या खापरावर ती मांडा टाकत नसे. एस.टी.त खापर फुटण्याची भीती होती, नवरा पडला तरी चालणार होतं, असं ती स्वतःच सांगायची.

१९९० सालच्या थंडीत तिचे हात बिघडायला लागले.

सुरुवातीला तिने कुणाला कळू दिलं नाही. सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत. लुगड्याची गाठ मारायला उखर्डूनाना लागायचे, आणि त्यांना गाठ मारता येत नव्हती, त्यामुळे सकाळी सकाळी त्या घरात जे ऐकू यायचं त्याने शेजाऱ्यांची फुकटात करमणूक व्हायची. बोटांची पेरं सुजून बोरांएवढी झाली. मांड्याची कणीक पहाटे मळून तिला चांगली तासभर आपटावी, ताणावी लागते, आणि नेमका तोच वेळ हात लाकडासारखे असण्याचा. दहा-अकरा वाजले की हात आपोआप सुटायचे. पण तोवर पंगत बसायची वेळ होत असे.

जानेवारीत कापडण्याच्या एका लग्नात तिच्या हातावरचा मांडा फाटला. तीस वर्षांत पहिल्यांदा. पुरण तिच्या पायावर पडलं. आजूबाजूच्या बायकांनी वळून बघितलं. त्यात पुष्पाबाई होती. ही कापडण्याचीच, तीही मांडे करायची, आणि झुंबरबाई तिच्या मांड्याला दहा वर्षं 'गोधडी' म्हणत आली होती.  पुष्पाबाईने उठून झुंबरबाईच्या पायावरचं पुरण ओल्या फडक्याने पुसलं. झुंबरबाई मला नंतर म्हणाली की तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग उपाय सुरू झाले. कुणी बिब्बा सांगितला. त्याने हातावर फोड आले आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. कुणी एरंडाची पानं बांधायला सांगितली. शेवटी नणंद तिला एका भगताकडे घेऊन गेली. भगताने मोरपिसांचा झाडू तिच्या हातांवरून सात वेळा फिरवला. झुंबरबाई त्याच्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, तुनाच हात थरथरी ऱ्हायना. मना काय बरा करशी?" नणंद आठ दिवस बोलली नाही. भगत मात्र दुसऱ्या आठवड्यात माझ्या दुकानात आला आणि हात थरथरण्यावर काही गोळी आहे का म्हणून हळूच विचारून गेला.

मीच तिला धुळ्याला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि सोबत गेलोही, कारण उखर्डूनाना डॉक्टरला काय सांगणार. पाटीवर लिहिलं होतं डॉ. एच. बी. पाटील. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, शुद्ध पुस्तकी मराठी. त्याने हात तपासले, रक्त तपासायला पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट बघून म्हणाला, "हा संधिवात आहे, अक्का. मुळासकट जाणार नाही. पण सकाळचा ताठरपणा कमी करता येईल."

मग त्याने एक कॅप्सूल दाखवली. अर्धी लाल, अर्धी पारदर्शक, आत खसखशीपेक्षा थोडे मोठे दाणे. "रात्री आठला, जेवण झाल्यावर, अख्खी गिळायची. रोज एकच. हिचं औषध बारा तास थोडं थोडं सुटत राहतं, म्हणजे पहाटे तुम्ही उठाल तेव्हा हात मोकळे असतील."

झुंबरबाईने कॅप्सूल उजेडात धरली. "हाई गोयीले कसं समजस, सकाय व्हयनी म्हनीसन?"

डॉक्टरला प्रश्न आवडला. एरवी लोक फक्त 'तिखट चालेल का' एवढंच विचारत असणार. त्याने ती कॅप्सूल दोन बोटांत धरून फिरवली, उघडली आणि दाणे कागदावर ओतले. "यातले काही दाणे लगेच विरघळतात. काहींवर पातळ थर असतो, काहींवर जाड. ते उशिरा विरघळतात."

"म्हंजे बठ्ठा मजूर एकदम वावरमा उतरतस नही," झुंबरबाई म्हणाली. "काही सकायले, काही दुपारले."

"अगदी बरोबर."

"मंग मुकादम कोन शे?"

डॉक्टर हसला. चिठ्ठी लिहून त्याने पुढे केली. जाता जाता तिने पाटीकडे बोट करून विचारलं, "ते एच म्हंजे काय?" डॉक्टर जरा घुटमळला, म्हणाला, "हिलाल." आमच्याकडचं जुनं, खेडवळ नाव. तिला हसू आलं. "मंग हिलाल लिखाले काय लाज वाटस?" इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस माझ्या देखत कानापर्यंत लाल झाला. आमच्याच भागातला निघाला, शिंदखेड्याकडचा.

गोळी लागू पडली. आठ दिवसांनी झुंबरबाई पहाटे दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. मी शटर वर करतोय तोवर तिने माझ्या नाकासमोर दोन्ही मुठी मिटून दाखवल्या, उघडून दाखवल्या.  त्या वर्षी तिने नऊ लग्नं केली. पुष्पाबाईच्या मांड्याला ती पुन्हा गोधडी म्हणायला लागली, म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं आम्ही समजलो.

१९९२ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आमरस आणि मांड्यांशिवाय सण होत नाही. त्यात त्याच मुहूर्तावर भाईदास आबांच्या मुलीचं लग्न. आबा गावातले मोठे शेतकरी. व्याही नाशिककडचे होते आणि त्यांनी खापरावरचे मांडे नुसते ऐकले होते. आबांनी गावभर सांगून ठेवलं, व्याह्यांनी बोटं चाटली पाहिजेत. म्हणजे दीडशे मांडे आणि झुंबरबाई.

लग्नाच्या चार दिवस आधी ती दुकानात आली. माझ्यासमोर त्या वेळी एका औषध कंपनीचा माणूस बसला होता. त्रेचाळीस डिग्रीत गळ्यात टाय. तो मला एका नव्या टॉनिकचं महत्त्व सांगत होता आणि मी त्याने दिलेल्या पेनाचं झाकण उघडतंय का बघत होतो.

झुंबरबाई म्हणाली, "चुडामण, ती गोयी चाई खाधी तं चाली का?"

मी वर बघितलंसुद्धा नाही. "चावली काय अन् गिळली काय अक्का, शेवटी जायची पोटातच ना."

ती गेली. पेनाचं झाकण काही उघडलं नाही.

तिच्या डोक्यात काय होतं ते नंतर कळलं. तिचा हिशोब सरळ होता. एक गोळी बारा तास हळूहळू चालते, आणि दुपारी दोननंतर हात पुन्हा सुजायला लागतात. दीडशे मांडे म्हणजे दुपार गाठणारच. मग दाण्यांना हळूहळू यायला कशाला सांगायचं? सगळ्यांना एकदमच कामाला लावलं तर? आदल्या रात्री नेहमीची कॅप्सूल तिने घेतलीच होती. लग्नाच्या दिवशी पहाटे साडेचारला तिने आणखी दोन उघडल्या, दाणे खलबत्त्यात टाकले, गुळाच्या खड्याबरोबर बारीक कुटले आणि कोऱ्या चहाबरोबर घेतले. पोटात दुसरं काही नव्हतं. उखर्डूनाना शेजारी बसून बघत होते. त्यांना ते बरोबर वाटलं नाही, पण तसं म्हणायला पूर्ण वाक्य लागलं असतं.

सहा वाजता तिचे हात पंधरा वर्षांच्या पोरीसारखे झाले होते. मी स्वतः बघितलं. आबांच्या अंगणात दोन खापरं लावली होती, आणि ती दोन्ही एकटी सांभाळत होती. नाशिकचे व्याही खुर्ची घेऊन समोर येऊन बसले. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, हे तुम्ही शिकलात कुठं. ती म्हणाली, "सासूनी शिकाडं. एक मांडा फाटना का एक उलथनं पाठवर." व्याह्याने खुर्ची थोडी मागे घेतली.

नऊच्या सुमाराला तिला घाम सुटला. उन्हाळ्यात आणि चुलीपुढे घाम येणारच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दहाला तिने पदर पोटाशी घट्ट खोचला. नव्वदावा मांडा खापरावर टाकला, उलटला, काढला, घडी घातली. मग ती कणकेकडे पाठ करून बाजूला सरकली आणि ओकली. ओकलेलं काळं होतं, कॉफीच्या चोथ्यासारखं. मी औषधवाला असल्याने ते पोटातलं रक्त आहे हे मला कळलं, आणि मी गाडी, गाडी म्हणून ओरडलो.

दारात एकच गाडी उभी होती. नवरदेवाची जीप, झेंडूच्या माळा, फुगे, पुढे काचेवर चमकीने लिहिलेलं 'शुभविवाह'. आबांनी एका क्षणाचाही विचार केला नाही, हे त्यांच्या नावे लिहून ठेवायला हवं. ते म्हणाले, "घ्या हीच गाडी." नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत ट्रॅक्टरवर आला, आणि व्याह्यांनी त्याबद्दल जी कुरकुर केली ती पुढे चार वर्षं चालली.

आग्रा रोडवर आमची फुग्यांची जीप धुळ्याकडे सुटली. ट्रकवाले हॉर्न वाजवून शुभेच्छा देत होते. नाक्यावरच्या जकातवाल्याने काच ठोठावली, आत मागच्या सीटवर आडवी पडलेली पंचावन्न वर्षांची बाई बघितली, उखर्डूनानांच्या डोक्यावरचा लग्नातला फेटा बघितला, आणि काही न विचारता दांडा वर केला. अर्ध्या रस्त्यात झुंबरबाईने डोळे उघडले. मी म्हटलं, अक्का, काय होतंय? तिने विचारलं, "पुरण झाकं का?"

दवाखान्यात रक्त द्यायची गोष्ट निघाली तेव्हा मागून मोटारसायकलींवर आलेल्या वऱ्हाडातल्या सहा जणांना एकदमच काहीतरी काम आठवलं. उखर्डूनाना हात पुढे करून उभे होते, पण त्यांना बघून नर्स म्हणाली की यांनाच एक बाटली लावावी लागेल. शेवटी एक बाटली जीपच्या ड्रायव्हरने दिली आणि एक मी. ते पुण्य नव्हतं. मला पेनाचं झाकण आठवत होतं.

डॉ. हिलाल संध्याकाळी आला. दुर्बिणीतून पोटात बघितलं होतं; जठराला जखम होती आणि तिथून रक्त वाहिलं होतं. तो पलंगापाशी उभा राहिला आणि त्याची पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "अक्का, तू गोया कुटीसन खाध्यात? बारा तासनं औषिद एक घासमा? ते बी उपाशी पोटे? मरी जाती ना तू."

झुंबरबाईचा आवाज बारीक झाला होता, पण होता. "तूच उघाडीसन दखाडी. माले काय सपन पडनं व्हतं का, ती उघडस म्हनीसन?"

 डॉक्टर स्टूल ओढून बसला. म्हणाला, "ते मनं चुकनं." मी त्या क्षणी पुढे होऊन सांगून टाकलं की चावली तरी चालेल असं मी म्हणालो होतो. झुंबरबाईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुले इचारं, तठेच मनं चुकनं," ती म्हणाली. तिघांच्या चुका अशा एका पलंगाभोवती वाटल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई आली. हातात स्टीलचा डबा. लग्नातले उरलेले साठ मांडे तिने झुंबरबाईच्या खापरावर केले होते. बसल्या बसल्या म्हणाली, "तुनं खापर वाकडं शे. डावी बाजू जास्ती तापस."

"खापर नीट शे. तूच वाकडी बठेल व्हशी."

"व्याहीनी चार खाधात."

"नाशिकना लोकेसले काय कयस."

पुष्पाबाईने डबा उघडला. मऊ भात होता, मूगडाळीचा. तिने तो चमच्याने भरवला, कारण झुंबरबाईच्या एका हाताला सलाईन होती आणि दुसऱ्याची बोटं पुन्हा ताठ झाली होती.

पाचव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की ती कॅप्सूल आता आयुष्यात घ्यायची नाही, तिच्या जातीची दुसरीही नाही. पोटाची गोळी दिली, दुखण्यावर साधी गोळी दिली, आणि संधिवातावरची एक वेगळी, जिचा गुण यायला महिने लागणार होते. "आणि मांडे?" उखर्डूनानांनी विचारलं. ते एवढंच बोलले, पण बोलले. डॉक्टर म्हणाला, बघू.

त्यानंतर झुंबरबाई गप्प झाली. तीन-साडेतीन महिने. गावाला करमेना. मी मुद्दाम तिच्या दारावरून दोनदा जात होतो, काहीतरी लागेल असं बोलावं म्हणून. ती नुसती बघायची. उखर्डूनाना दुकानात येऊन बसू लागले. घरी शांतता, एवढंच म्हणाले. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दुकानात टांगलं: 'ही कॅप्सूल उघडू नये, चावू नये, कुटू नये.' लोक वाचायचे आणि कुठली ती, आम्हाला द्या, म्हणायचे.

पोळ्याच्या आसपास एका दुपारी ती स्वतःहून आली. म्हणाली, की पहाटे हात लाकूड असतात, गरम पाण्यात बुडवले तरी नऊ वाजतात, पण अकराला मुठी मिटतात. आणि दिवे लागेपर्यंत बऱ्या राहतात. नवीन गोळीने थोडा फरक पडला होता. मी म्हटलं, मग काय ठरवलंस. ती म्हणाली, "गोयीनी मनं घड्याय पाळं नही. आते लोकेसनी पाळानं."

त्या मार्गशीर्षात सोनगीरच्याच वना पाटलांच्या घरी लग्न निघालं. तिने निरोप पाठवला की मांडे दुपारनंतर मिळतील. वना पाटील तावातावाने तिच्या ओट्यावर आले. "पंगत बाराले बठस. आजोबापासून बठी ऱ्हायनी."

"मंग बाराले भात खावा. मांडा सातले."

"हाई काय रीत शे?"

"मना हातनी रीत शे. पटस तं सांगा, नही तं गावमा गोधड्या करनाऱ्या बऱ्याच शेतस."

वना पाटलांनी घरी जाऊन दोन दिवस विचार केला आणि पंगत संध्याकाळी सातला ठेवली. पहाटे कणीक मळायला पुष्पाबाई आली. ते ठरलं कसं ते दोघींनीही कुणाला सांगितलं नाही. एक सहाला येऊन कणीक आपटून, ताणून, झाकून ठेवायची. दुसरी अकराला मुठी मिटत येऊन बसायची आणि त्या कणकेत काय काय चुकलं ते सांगत मांडे टाकायची. दिवसभर भांडण. पण पंगत संध्याकाळी गार वाऱ्यात बसली, आणि शेवटी बसणाऱ्या बायकांनाही पहिल्यांदा गरम मांडा खायला मिळाला. त्या वर्षी आणखी चार घरांनी संध्याकाळच धरली. पुढे तर लोक भटजीच्या आधी झुंबरबाईला वेळ विचारू लागले, आणि भटजीने यावर जे मत दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाच वर्षं असं चाललं. सत्याण्णव सालापर्यंत तिची बोटं सगळी करंगळीकडे कलली, वाऱ्याने झोपलेल्या बाजरीसारखी, आणि मांडा हातावर पेलेना. एका लग्नात तिने गोळा हातात घेतला, जरा फिरवला, आणि पुष्पाबाईच्या हातात ठेवून दिला. मग खुर्ची मागवली. तेव्हापासून ती खुर्चीत बसून बोलायची आणि पुष्पाबाई टाकायची.

परवा, म्हणजे आबांच्या नातवाच्या जावळाला, पुष्पाबाईने पहिला मांडा काढून तिच्या ताटात वाढला. झुंबरबाईने तो आमरसाबरोबर खाल्ला. दुसरा खाल्ला. मग तिसरा मागितला. पुष्पाबाईने विचारलं, कसा झालाय. झुंबरबाई म्हणाली, चूक सगळ्यांतच आहे का एखाद्यातच, ते अजून नीट कळत नाही.

पुष्पाबाई चौथा टाकायला वळली.